पहिली स्केट्सची जोडी घेताना नेमके काय पाहावे? (साडेआठ वर्षांची मुलगी आणि तिची आई, बडोदे)

मांजलपूरची आई

नमस्कार. माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे आणि गेल्या महिन्यापासून आमच्या घराजवळच्या रिंकवर स्केटिंगच्या वर्गाला जाते. पहिला महिना तिने वर्गातले स्केट्स वापरले, परंतु ते अनेकांच्या पायांतून फिरून ढिले झालेले आहेत, आणि आता स्वतःचे घ्या असे सरांनी सांगितले आहे. रोज संध्याकाळी कठड्यापलीकडे तासभर उभी राहून तिला पाहता पाहता मलाही शिकावेसे वाटू लागले. मी अडतीस वर्षांची आहे आणि आजवर चाकांवर कधी उभी राहिलेले नाही, तरी मोठ्यांसाठी रविवारी सकाळी वेगळी बॅच असते असे कळल्यावर मी नाव नोंदवून टाकले. म्हणजे जोड्या दोन घ्यायच्या आहेत.

शनिवारी रावपुऱ्यातल्या दोन दुकानांत जाऊन आले आणि आधीपेक्षा अधिकच गोंधळून परतले. एका दुकानदाराने नेहमीच्या बुटांवर पट्ट्यांनी बांधायचे, मागेपुढे सरकवून लहानमोठे करता येणारे लोखंडी पट्टीचे स्केट्स दाखवले आणि हे कॉलेजपर्यंत चालतील असे सांगितले. दुसऱ्याने एका रांगेत चार चाके असलेले, चाकांत दिवे लागणारे स्केट्स पुढे केले, एक चाक बोटाने गरगर फिरवून दाखवले आणि खोक्यावर ‘एबेक ७’ लिहिले आहे याकडे पुन्हा पुन्हा लक्ष वेधले. मुलीचा जीव दिव्यांवर जडला आहे. सासूबाई म्हणतात की कोणतेही घ्या, पण दोन नंबर मोठे घ्या, कारण पोरीचा पाय वर्षभरात वाढणारच.

रिंक सिमेंटचे आहे. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक आहेत आणि इमारतीखालच्या पार्किंगमध्ये कोटा फरशी आहे. घरी सराव करायचा तर याच दोन जागा. हेल्मेट आणि गार्ड धरून दोघींचे मिळून पंधरा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. चार चाकी घ्यावेत की एका रांगेतले, माप कसे ठरवावे, आणि त्या ‘एबेक’च्या आकड्याला कितपत महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

मकरपुऱ्याचा फिटर

ताई, मी तीस वर्षे मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत यंत्रजोडणीचे काम केले. माझे दोन्ही मुलगे शाळेत असताना स्केटिंग करीत आणि त्यांचे स्केट्स उघडण्या-जोडण्याचे काम माझ्याकडे असे. तेवढ्या आधारावर लिहितो.

दुकानात पुन्हा जाण्यापूर्वी सरांना विचारा की ते मुलीला क्वॉडवर शिकवणार आहेत की इनलाइनवर. पुढे दोन आणि मागे दोन चाके असतात तो क्वॉड, आणि सगळी चाके एका रांगेत असतात तो इनलाइन. शालेय स्पर्धांमध्ये या दोन्हींचे गट वेगळे असतात, आणि शिकवण्याची पद्धतही वेगळी असते. क्वॉडला पुढे, बोटांच्या खाली, रबरी टो स्टॉप असतो. शिकाऊ इनलाइनला बहुधा उजव्या टाचेमागे ब्रेक असतो. बाकीची सगळी मुले क्वॉडवर आणि आपली एकटीच इनलाइनवर, अशी स्थिती झाली तर सरांच्या अर्ध्या सूचना तिच्या उपयोगाच्या राहत नाहीत.

क्वॉडचा पाया रुंद असल्याने त्यावर नुसते उभे राहणे सोपे जाते, आणि जागच्या जागी वळणे किंवा उलटे जाणे त्यावर लवकर साधते. इनलाइनचा पाया अरुंद पण लांब, चाके मोठी आणि घोट्याभोवती टणक कवच असते, त्यामुळे फरशीच्या सांध्यांवरून आणि खडबडीत रस्त्यावरून तो सहज निघून जातो. इनलाइनवर पहिल्या दिवसांत घोटे आतल्या बाजूला कलतात आणि लोक म्हणतात की पायात जोर नाही. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक वेळा बूट सैल असल्यामुळे तसे होते.

क्वॉड घ्यायचे ठरले तर बूट उलटा करून तळ अवश्य पाहा. सुरुवातीच्या काळातले चाकांचे स्केट्स जवळपास सरळ रेषेतच धावत. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिंप्टन यांनी १८६३ साली ज्या रचनेचे पेटंट घेतले तिच्यात तळपट्टी आणि चाकांचा आस यांच्यामध्ये रबराची उशी आली, आणि त्यामुळे अंग एका बाजूला कलते केले की आस त्या बाजूला वळू लागला. आजचा ‘ट्रक’ म्हणतात तो भाग मूळ याच कल्पनेवर चालतो. स्केट जमिनीवर ठेवून बूट हाताने एका बाजूला दाबून पाहा. रबर किंचित दबून चाकांची दिशा थोडी बदलली पाहिजे. काहीच हलत नसेल, आस नुसता पट्टीला ठोकून बसवलेला असेल, तर ती वस्तू खेळण्याच्या दुकानातली समजावी. बुटांवर बांधायच्या स्केट्सवर अनेक वर्गांत सुरुवात होते हे खरे आहे आणि अगदी लहान मुलांना ते काही महिने पुरतात, परंतु मऊ तळाच्या बुटात पाऊल सरकत राहते आणि टाच पकडली जात नाही. तुमची मुलगी महिनाभर शिकलेली आहे. तिला आता बूट जोडलेलाच स्केट द्यावा.

चाकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. स्वस्त स्केट्सची चाके साध्या कडक प्लास्टिकची असतात. ती घसरतात, खडखडतात आणि प्रत्येक बारीक हादरा पायापर्यंत पोहोचवतात. चांगली चाके पॉलियुरेथेनची असतात. नखाने दाबून पाहिल्यास मऊ पॉलियुरेथेन किंचित दबते, कडक प्लास्टिकवर नख नुसते टकटक वाजते. चाकावर ‘८२ए’ असा आकडा असेल तर तो कडकपणाचा आहे: आकडा लहान तितके चाक मऊ. बाहेरच्या रस्त्यासाठी क्वॉडला साधारण ७८ ते ८५ आणि व्यास ६२ ते ६५ मिलिमीटर योग्य पडतो. लाकडी किंवा अगदी गुळगुळीत रिंकवर ९० च्या पुढची कडक चाके वापरतात, कारण तिथे मऊ चाक जमिनीला चिकटल्यासारखे जड चालते. सिमेंटचे रिंक आणि पार्किंगची कोटा फरशी या दोन्हींसाठी मला ८५ च्या आसपासचे चाक बरे वाटते. पेव्हर ब्लॉकवर शिकू नये. लहान कडक चाक सांध्यात अडकले की शिकणारा तोंडावर पडतो.

आता ‘एबेक’. बेअरिंग किती काटेकोर मापाने बनवले आहे याची ती श्रेणी असते, १, ३, ५, ७ आणि ९ अशी. पोलाद किती चांगले आहे, वंगण कोणते आहे, स्केटिंगमध्ये बाजूने जो दाब येतो तो किती सोसला जाईल, यांपैकी काहीही त्या आकड्यातून कळत नाही. चाक बोटाने फिरवून दाखवण्यालाही तितकाच अर्थ आहे, कारण त्या वेळी त्यावर माणसाचे वजन नसते, आणि दाट ग्रीस भरलेले नवे, चांगले बेअरिंग बोटाने फिरवल्यास लवकर थांबते. त्याऐवजी चाक आसावर धरून आडवे हलवून पाहा. फार खडखडत असेल किंवा फिरताना खरखर आवाज येत असेल तर तो नग नको. बहुतेक स्केट्समध्ये ६०८ क्रमांकाचे बेअरिंग असते: आतला व्यास ८, बाहेरचा २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. यंत्रसामग्रीच्या दुकानात ते सहज मिळते. आठ चाकांच्या जोडीला सोळा नग लागतात. काही क्वॉडचा आस ७ मिलिमीटरचा असतो आणि त्यांना ६२७ लागते, म्हणून बदलताना माप घेऊनच जावे.

अकोट्याचा बाबा

काकांनी यंत्राचे सगळे सांगितले आहे. मी मापाविषयी लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

तुमच्या सासूबाईंनी दिला तोच सल्ला मीही स्वतःला दिला होता. मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याला दोन नंबर मोठे स्केट्स घेतले आणि पुढे कापूस भरला. वाढत्या अंगाचा सदरा चालतो, पण स्केट वाढत्या मापाचा घेतला की पाय पुढे ढकलताना टाच आत उचलली जाते, बळ चाकापर्यंत पोहोचतच नाही आणि घोटा तोल सांभाळत राहतो. त्याच्या टाचांना फोड आले. वर्गातली मुले वळणे शिकली तेव्हा हा सरळही जाऊ शकत नव्हता, आणि एके दिवशी त्याने मला सांगितले की, बाबा, हे मला जमण्यातले नाही. मी त्याला धीर धर, सराव कर, असे सांगत राहिलो. पुढे एका मोठ्या मुलाने त्याचा बूट पायातून लेस न सोडताच काढून दाखवला तेव्हा माझ्या लक्षात आले. योग्य मापाच्या जोडीवर तो पंधरा दिवसांत वळू लागला. ते दोन महिने त्याने स्वतःला कमी समजून काढले, याचे मला अजून वाईट वाटते.

माप घरीच घ्या आणि संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगते. जे मोजे घालून स्केटिंग करणार तेच घालावेत. ते पातळ आणि बुटाच्या कडेपेक्षा उंच असावेत. भिंतीला टाच टेकवून कागदावर सरळ उभे करा, पेन्सिल काटकोनात धरून सर्वांत पुढच्या बोटापाशी खूण करा (ते अंगठ्याशेजारचेही असू शकते) आणि भिंतीपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पावले मोजून मोठे धरा. नेहमीच्या बुटाच्या नंबरवर जाऊ नका, कारण ब्रिटिश, अमेरिकन आणि युरोपीय नंबर वेगळे असतात आणि दोन कंपन्यांचा एकच नंबरही सारखा नसतो. खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात सेंटीमीटर दिलेले असतात, त्यांच्याशी जुळवा.

दुकानात दोन्ही स्केट्स घालून लेस नीट आवळून उभे राहायला सांगा. सरळ उभे असताना बोटे पुढच्या टोकाला हलकेच टेकावीत, गुडघे वाकवल्यावर ती मागे सरकून मोकळी व्हावीत. गुडघे वाकवलेल्या स्थितीत टाच उचलायचा प्रयत्न केला तरी ती बुटात हलू नये. दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवा. कुठे टोचत असेल तर तेवढ्यात कळते.

वाढत्या पावलासाठी एक खरा उपाय आहे. बटण किंवा स्क्रूने बुटाचा पुढचा भाग तीन-चार नंबर लांब करता येतो असे स्केट्स मुलांसाठी मिळतात, क्वॉडमध्येही आणि इनलाइनमध्येही. टाच आहे तशीच पकडलेली राहते आणि फक्त बोटांकडची जागा वाढते. आजचे पाऊल त्या पल्ल्याच्या खालच्या टोकाला येईल असा घ्या. सासूबाईंची बचतीची अपेक्षाही त्यात पूर्ण होते.

दुसरी एक सूचना. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत ३००० मीटर रिलेमध्ये आपल्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांना कांस्यपदक मिळाले, तेव्हापासून माझ्या मुलाच्या मित्रांना तसलेच इनलाइन हवे असतात. त्या स्केट्सचा बूट घोट्याच्या खाली संपतो आणि चाके शंभर मिलिमीटरहून मोठी असतात. पाय पक्का झालेल्या खेळाडूसाठी ते आहेत. मुलीने मागितले तरी पहिल्या वर्षी देऊ नका.

मांजलपूरची आई

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी भिंतीला टाच लावून मापे घेतली: मुलीचे डावे पाऊल २०.६ आणि उजवे २०.९ सेंटीमीटर, माझी दोन्ही २३.८. दोन पावलांत फरक असू शकतो हे मला ठाऊकच नव्हते. सर म्हणाले की मुलीला क्वॉडच घ्या. एका दुकानात ३३ ते ३६ असा वाढवता येणारा क्वॉड आहे. तक्त्याप्रमाणे तिचे पाऊल ३३ च्या जवळ बसते, तेव्हा तो ठीक राहील असे वाटते.

माझ्याबद्दल सर म्हणाले की दोन्हींपैकी काहीही चालेल. मोठ्या वयात शिकलेले कोणी असेल तर कृपया सांगा. आणि दिव्यांच्या चाकांचे काय करावे? त्यांत काही दोष असतो का? मुलीला एकदम नकार देणे जिवावर येते.

सुभानपुऱ्याची ताई

मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकले, त्यामुळे तुमचा प्रश्न माझाच आहे असे समजून लिहिते.

पंधरा हजारांतून प्रथम गार्ड आणि हेल्मेट यांचे पैसे बाजूला काढा आणि उरलेल्यात स्केट्स बसवा. पडताना हात आपोआप पुढे जातो, म्हणून शिकाऊंना मनगटाची दुखापत सर्वांत अधिक होते. मनगटाच्या गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला टणक पट्टी असायलाच हवी. नुसते कापडी बँड उपयोगाचे नाहीत. गुडघ्याच्या आणि कोपराच्या गार्डवर कडक वाटी असावी, म्हणजे पडल्यावर ती जमिनीवरून घसरते आणि झटका सांध्यात जात नाही. हेल्मेटवर ‘ईएन १०७८’ असा शिक्का असल्यास तो सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या सगळ्यांसाठीच्या युरोपीय मानकाचा आहे. गार्डसाठीचे मानक ‘ईएन १४१२०’. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर बसले पाहिजे. मागे कललेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते.

मी क्वॉड निवडले, कारण मला उभे राहण्याचीच भीती होती आणि रुंद पायावर ती लवकर गेली. तुमचा सराव मुख्यतः रिंकवर आणि पार्किंगमध्ये होणार असेल तर तुम्हीही क्वॉडच घ्या असे मी सुचवेन. मुलीबरोबर एकाच पद्धतीने शिकता येईल हा आनंद वेगळा. बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारा, हाताने दाबल्यावर सहज दुमडणार नाही असा पाहा. फॅशनसाठी बनवलेले मऊ कापडी बूट दिसतात सुंदर, पण सहा महिन्यांत घोट्यापाशी कोलमडतात. माझी पहिली जोडी तशीच वाया गेली. तळपट्टी नायलॉनची असली तरी चालते, शिकाऊ माणसाला धातूची असलीच पाहिजे असे नाही. ट्रकचा नट सुरुवातीला थोडा घट्ट ठेवा, म्हणजे स्केट अंगाच्या प्रत्येक हालचालीला वळणार नाही, आणि पाय स्थिरावतील तसा पाव-पाव फेरा सैल करत जा.

टो स्टॉप फार खाली आलेला नाही ना हे पाहा. माझ्या पहिल्या आठवड्यातल्या जवळजवळ सगळ्या पडण्याचे कारण तो होता: चवड्यावर भार गेला की रबर जमिनीला लागे आणि मी पुढे फेकली जाई. बहुतेक चांगल्या क्वॉडमध्ये तो आत-बाहेर करता येतो.

पहिला दिवस हिरवळीवर काढा. गवतात चाके फिरत नाहीत, म्हणून गुडघे वाकवून उभे राहणे, एका पायावर भार घेणे आणि मुद्दाम गुडघ्यांच्या गार्डवर पडून उठणे हे सगळे न घसरता शिकता येते. पडणार असे वाटले की खाली बसायचे आणि पुढे किंवा बाजूला पडायचे; सरळ उभे राहून मागे कलणे सर्वांत धोक्याचे, आणि भीतीने आपण नेमके तेच करतो.

मकरपुऱ्याचा फिटर

दिव्यांविषयी. त्या चाकांत बॅटरी नसते. आसाभोवती चुंबक आणि चाकात तारेचे वेटोळे असते आणि चाक फिरले की त्यातून दिव्यापुरती वीज निर्माण होते. म्हणजे दिव्यात दोष काही नाही, दोष असतो तो त्या स्वस्त स्केटच्या बुटात आणि चाकाच्या प्लास्टिकमध्ये. चांगला क्वॉड घ्या आणि त्याच व्यासाची, पॉलियुरेथेनची दिव्यांची चार चाके वेगळी घेऊन मागच्या आसांना बसवा. पुढचीमागची चाके एकाच कडकपणाची असावीत एवढे पाहा.

घरी आणल्यावर प्रत्येक चाकाचा नट तपासा. कारखान्यातून अनेकदा तो इतका आवळून येतो की बेअरिंग दबते. चाक मोकळे फिरेल पण आडवे डगमगणार नाही इतपत पाव फेरा सैल करावा.

बडोद्यात राहणाऱ्यांनी उत्तरायणानंतर विशेष जपावे. १४ आणि १५ जानेवारीनंतर आठवडाभर रस्त्यावर आणि आवारात मांजाचे तुकडे पडलेले असतात, ते चाक आणि आस यांच्यामध्ये गुंडाळले जातात आणि बेअरिंगच्या कडेतून आत शिरतात. माझ्या धाकट्याचे एक चाक त्यामुळे चालता चालता थांबले होते. त्या दिवसांत आधी जागा झाडून घ्या, आणि सरावानंतर चाके काढून दोरा दिसतो का ते पाहा. ओढून तोडू नका, चिमट्याने उलट्या दिशेने सोडवा.

पावसाळ्यात ओले झालेले स्केट्स पिशवीत बंद ठेवले तर बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही. चाके काढून पुसा, बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. चाके मात्र रॉकेलमध्ये बुडवू नका, त्यांना साबणाचे पाणी पुरते.

मांजलपूरची आई

खरेदी झाली, म्हणून कळवते. मुलीला ३३ ते ३६ वाढणारा क्वॉड घेतला आणि सध्या ३३ वरच ठेवला आहे. दुकानदाराने चाक बोटाने फिरवून दाखवायला घेतले तेव्हा मी ते आडवे हलवून पाहिले. दोनपैकी एका जोडीत खडखड जाणवली, म्हणून दुसरी घेतली. माझ्यासाठी घोट्याच्या वर येणारा टणक बुटाचा क्वॉड मिळाला, ६२ मिलिमीटरची ८५ ए ची चाके असलेला. दोन हेल्मेट आणि गार्डचे दोन संच धरून एकूण चौदा हजार दोनशे झाले. दिव्यांची चार चाके पुढच्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला बसवायची असे तिच्याशी ठरले आहे, आणि तिने ते मान्य केले आहे.

सासूबाईंना मुलीचा बूट पायात आवळून दिला आणि टाच हलते का ते हाताने पाहायला सांगितले. त्यांनी दोनदा ओढून पाहिले, मग पुढचा भाग बटणाने लांब कसा होतो तेही करून पाहिले, आणि तुझ्या बुटाचेही असेच माप घेतले होतेस ना, असे मला विचारले.

माझा टो स्टॉप ताईंनी सांगितल्याप्रमाणे जमिनीपासून वर घेतला आहे. काल मैदानातल्या गवतावर अर्धा तास उभी राहिले आणि गुडघ्यांवर सहा वेळा पडले. रविवारी सकाळी सात वाजता पहिली बॅच आहे.